पिवळ्या पिशवीत जाणारं हाड

म्हातारी बाई न्हाणीघरात घसरून पडते, मांडीचं हाड वरच्या टोकाच्या गोळ्याखाली, त्याच्या मानेपाशी मोडतं, आणि दोन-तीन दिवसांत तो मोडका गोळा काढून तिथे धातूचा गोळा बसवला जातो. कुणाच्या खुब्याची झीज झालेली असते, कुणाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असतो, तिथे गोळ्याबरोबर तो ज्यात फिरतो ती वाटीही बदलावी लागते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या शहरात अशी ऑपरेशनं रोजची आहेत. काढलेला गोळा किडनी ट्रेमध्ये पडतो आणि ऑपरेशन आटोपलं की ट्रेमधून पिवळ्या पिशवीत जातो. शरीरातून काढलेले भाग पिवळ्या पिशवीत टाकायचे आणि पुढे जाळायला पाठवायचे, असं २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात. नियमात काही चूक नाही. पण यातले कितीतरी गोळे कचरा नसतातच. त्याच शहरात, कधी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, पूर्वी बदललेला सांधा सैल झालेला रुग्ण पडून असतो. त्याच्या खुब्यात हाड विरघळून खड्डा पडलेला असतो आणि तो भरायला नेमकं असंच हाड हवं असतं.

ते हाड त्याला मिळत नाही. मग महागडा परदेशी धातू घ्या, नाहीतर बाटलीबंद हाड विकत आणा, आणि दोन्ही परवडत नसेल तर आहे त्या हाडात सांधा घट्ट बसवायचं सिमेंट ओतून वेळ मारून न्या, असा प्रकार होतो. मी हाडांचा डॉक्टर आहे आणि हे मला मान्य नाही. सरकारने निदान प्रत्येक विभागात दान केलेलं हाड तपासून साठवणारी एक सार्वजनिक अस्थिपेढी उभारावी आणि खुब्याच्या प्रत्येक ऑपरेशनच्या संमतीपत्रात गोळा दान करण्याचा पर्याय द्यावा, एवढीच मागणी मी इथे मांडतो आहे.

आधी सांधा सैल होतो म्हणजे काय होतं ते सांगायला हवं, कारण रुग्ण हे विचारतात आणि त्यांना धड उत्तर क्वचितच मिळतं. सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि सिमेंट हे त्रिकूट पक्कं केलं. आजही खुबाबदल त्याच वळणावर चालतो. चालताना गोळा वाटीत फिरतो आणि प्लास्टिक कणाकणाने झिजतं. हा भुगा डोळ्यांना दिसत नाही, पण शरीराला तो बाहेरचा वाटतो. पांढऱ्या पेशी तो गिळतात, पचवू शकत नाहीत आणि त्या धडपडीत अशी रसायनं सोडतात की हाड खाणाऱ्या पेशींना जोर चढतो. वाटीच्या मागचं, गोळा ज्यावर असतो त्या मांडीच्या नळीतल्या दांड्याच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळत जातं. बरीच वर्षं दुखत नाही, आणि हेच वाईट. रुग्ण आनंदात असतो, तपासणीला येणं बंद करतो आणि दुखू लागल्यावर एक्स-रे काढावा तर वाटी वर सरकलेली, तिच्यामागे काळा पोकळ भाग. दहा-बारा वर्षांपूर्वी खुबा बदललेल्या कुणी हे वाचत असेल तर दुखत नसलं तरी एकदा एक्स-रे काढून घ्यावा, हे जाता जाता सांगतो.

अशा वेळी जे दुसरं ऑपरेशन करतात त्याला आम्ही रिव्हिजन म्हणतो. पहिल्याच्या मानाने हे काम फार अवघड. जुनं सिमेंट, सैल वाटी, वेढून बसलेला तंतुमय पडदा हे सगळं काढल्यावर खाली जे हाड उरतं ते कधी कधी कागदासारखं पातळ असतं. ओल धरलेल्या भिंतीत खिळा हलायला लागला की माणूस जाडा खिळा आणून ठोकतो. काही दिवस तो धरतो, मग भोक आणखी मोठं होतं. खुब्यातही मोठी वाटी आणि लांब दांडा बसवून भागवता येतं. पण प्रत्येक खेपेला भोक वाढतं आणि तिसऱ्या खेपेला भिंतच उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आधी भोक बुजवायचं, तिथे पुन्हा हाड तयार करायचं आणि मग नेहमीच्या मापाची वाटी बसवायची.

हा दुसरा मार्ग नेदरलँड्समधल्या नायमेखेनचे प्रोफेसर स्लूफ यांनी १९७९ पासून वापरात आणला आणि १९८४ साली प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडासाठी तीच पद्धत इंग्लंडमधल्या एक्सेटरला रॉबिन लिंग आणि त्यांचे सहकारी गी व टिम्परली यांनी १९८७ पासून घडवली. इंग्रजीतलं लांबलचक नाव सोडून दिलं तर काम सांगायला सोपं आहे: हाडाचे तुकडे खड्ड्यात ठासून भरायचे. करायला मात्र सोपं नाही. पेढीतून आणलेले गोठलेले दोन-तीन गोळे कोमट सलाईनमध्ये ठेवून मऊ होऊ द्यायचे. वरची कूर्चा आणि चिकटलेलं मांस खरवडून टाकायचं. मग आतल्या जाळीदार हाडाचे तुकडे करायचे, वाटीच्या खड्ड्यासाठी साधारण ७ ते १० मिलिमीटरचे, मांडीच्या नळीसाठी ३ ते ५ मिलिमीटरचे. वाटीत पूड चालत नाही. पूड ठोकली की दबते आणि सरकते. मोठे तुकडे एकमेकांत अडकून घट्ट बसतात. तुकडे दाबाच्या पाण्याने धुऊन त्यातली चरबी आणि रक्त काढून टाकायचं, कारण चरबी राहिली की तुकडे एकमेकांना धरत नाहीत. वाटीची कड तुटलेली असेल तर आधी तिथे धातूची जाळी स्क्रूने बसवून बंदिस्त खड्डा तयार करायचा.

आणि मग ठोकायचं. मूठभर तुकडे टाकायचे, अर्धगोल ठोकणी ठेवायची, हातोडा मारायचा. पुन्हा मूठभर, पुन्हा ठोकणी, दर थराला थोडी मोठी. सुरुवातीला आवाज बद्द येतो. थरावर थर चढत जातात तसा तो टणक होत जातो, आणि ठोकणी बाजूला केल्यावर खाली गुळगुळीत, लालसर, हाताने दाबून न हलणारी नवी वाटी दिसते. त्या आवाजावरूनच कळतं आता पुरे. घाई केली, थर सैल राहिले, तर सिमेंटने बसवलेली वाटी काही महिन्यांत वर सरकते. म्हणून शिकाऊ डॉक्टरच्या हातात हातोडा देताना मी घड्याळाकडे बघायचं नाही असं सांगतो.

ठासलेलं हाड मेलेलं असतं, त्यात जिवंत पेशी नसतात. पण रुग्णाच्या हाडातून रक्तवाहिन्या त्यात शिरतात, त्यांच्यामागून पेशी जातात, जुनं हाड खातात आणि त्याच जागी नवं घालत पुढे सरकतात. काही वर्षांनी परक्याचं हाड बऱ्याच अंशी रुग्णाचं स्वतःचं झालेलं असतं. हे नुसतं एक्स-रेवरून बांधलेलं अनुमान नाही. नायमेखेनच्या मंडळींनी नंतर कधी ना कधी पुन्हा उघडाव्या लागलेल्या खुब्यांतून तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं आहे. त्यांच्याच रिव्हिजन केलेल्या रुग्णांत वीस वर्षांनंतरही सुमारे तीनचतुर्थांश वाट्या टिकून होत्या. रिव्हिजनच्या मानाने हे यश मोठं आहे.

मोठा सलग तुकडा स्क्रूने बसवायची पद्धतही होती, आणि ती का मागे पडली हे यावरूनच कळतं. सलग तुकड्यात रक्तवाहिन्या काही मिलिमीटरच आत शिरतात. बाहेरचा थर जिवंत होतो, गाभा मेलेलाच राहतो, आणि वाटीचा निम्म्याहून जास्त भार त्यावर असेल तर काही वर्षांनी तो ढासळतो. लहान तुकड्यांमध्ये वाट असते, म्हणून ते टिकतात.

इथे माझे काही सहकारी म्हणतील की हा सगळा जुना इतिहास झाला. आता टँटलम या धातूचे सच्छिद्र तुकडे मिळतात, हवे त्या आकाराचे. खड्ड्यात तो तुकडा बसवा, वर सच्छिद्र वाटी बसवा, हाड त्यात वाढतं, काम तासाभराने लवकर उरकतं. त्यांचं म्हणणं मी हलकं घेत नाही. ओटीपोटाचं हाडच दुभंगलेलं असेल, वाटीचा घुमट आणि भिंत दोन्ही गेलेली असतील, तर मीही धातूच वापरीन. सत्तर-पंचाहत्तरच्या रुग्णाला लवकर पायावर उभं करायचं असेल तरी धातू बरा. नळीत हाड ठासताना मांडीचं हाड मोडू शकतं, दांडा खाली बसू शकतो, हेही खरं. पण धातू खड्डा भरतो, हाड परत देत नाही. पुढच्या खेपेला तो धातू काढावा लागला तर त्याच्याबरोबर उरलंसुरलं हाडही निघून येतं. तेव्हा रुग्णाला पुढची खेप येणार आहे का, यावर सगळं ठरतं.

आणि आपल्या रुग्णांना ती येणार आहे. युरोप-अमेरिकेत खुबा बदलणारा माणूस बहुधा पासष्ट-सत्तरीचा असतो, झीज हे त्याचं कारण. आपल्याकडे ओपीडीत समोर बसलेला रुग्ण कितीदा तरी पस्तिशीचा असतो. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा खचणं, ज्याला आता रुग्णही एव्हीएन म्हणतात, हे आपल्याकडचं फार मोठं कारण. दारू हे एक, स्टेरॉइड हे दुसरं. त्यात अंगावर काढलेल्या दम्याला किंवा सांधेदुखीला गावातल्या वैदू-डॉक्टरांनी दिलेल्या पुड्यांमधलंही स्टेरॉइड आलं. कोविडमध्ये जीव वाचवायला दिलेल्या स्टेरॉइडनंतरही हे दिसलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच अशा तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली होती. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यांचे खुबे विशी-तिशीत जातात. कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसने पाठ आणि खुबे दोन्ही धरलेली तरुण मुलं आहेत, ज्यांना बसताही येत नाही.

२०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या अभ्यासात खुब्याचे सुमारे ५८ टक्के बदललेले सांधे २५ वर्षं टिकल्याचं दिसलं. त्या आकड्यातले बहुतेक रुग्ण उतारवयातले, परदेशातले. आपल्या पस्तिशीच्या रुग्णाला पुढे चाळीस वर्षं जगायचं आहे, आणि तो शेतावर जाणार, एसटीत उभा राहणार, मांडी घालून बसू नका सांगितलं तरी लग्नाच्या पंगतीत बसणार. त्याला एक रिव्हिजन लागेल, कदाचित दोन. पहिल्या रिव्हिजनला त्याच्या खुब्यात हाड परत घालणं ही त्याच्या पन्नाशीनंतरच्या आयुष्याची तजवीज आहे. ज्या देशांत गरज आपल्यापेक्षा कमी, तिथे पेढ्या आहेत. आणि जिथे खरी गरज तिथे गोळे जाळले जातात.

स्वतःचं हाड का नाही वापरत, असं बरेच विचारतात. कमरेच्या हाडातून काढता येतं, आणि ते सगळ्यात चांगलं, यात वाद नाही. पण तिथून मिळतं ते थोडंच. मोठा खड्डा त्यात भरत नाही, आणि काढलेली जागा कितीतरी रुग्णांना खुब्यापेक्षा जास्त दिवस दुखते. कृत्रिम दाणे मिळतात, कॅल्शियम फॉस्फेटचे वगैरे. ते हाडात मिसळून हाड पुरवता येतं, पण एकट्याने भार पेलायला माझा त्यांच्यावर विश्वास नाही.

आता खरी हरकत, जी मला सगळ्यात गंभीर वाटते: परक्याच्या हाडातून रोग आला तर? अशी उदाहरणं घडली आहेत आणि ती लपवून ठेवून पेढीचा प्रचार करणं बरोबर होणार नाही. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकरणात पाठीच्या शस्त्रक्रियेत वापरलेल्या हाडातून रुग्णाला एचआयव्हीची लागण झाली होती. ते हाड म्हणजे खुबा बदललेल्या एका माणसाचा दान दिलेला गोळाच होता. शस्त्रक्रिया १९८४ ची, एचआयव्हीची रक्तचाचणी बाजारात येण्याआधीची. त्याहून आपल्या जवळचं उदाहरण २०२१ चं. तिथेच एका मृत दात्याच्या हाडापासून बनवलेला पदार्थ शंभरहून अधिक जणांना बसवला गेला, त्यातल्या बहुतेकांना क्षयरोग झाला, काहींचा जीव गेला. अमेरिकेसारख्या क्षयरोग दुर्मीळ असलेल्या देशात हे घडतं, तर जगात क्षयाचे सर्वाधिक रुग्ण असलेल्या आपल्या देशात किती जपावं लागेल?

पुष्कळ जपावं लागेल. दात्याची छातीची तपासणी, क्षयाचा इतिहास, हाडाचा तुकडा पॅथॉलॉजीकडे आणि जंतू वाढतात का ते पाहायला कल्चरला, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसच्या चाचण्या. कर्करोग, आमवात, सिकलसेल, कुठलाही चालू संसर्ग असेल तर तो गोळा घ्यायचाच नाही. उणे ऐंशी अंशाला ठेवलेला गोळा सहा महिने वापरायचा नाही, आणि सहा महिन्यांनी दात्याचं रक्त पुन्हा तपासून मगच मोकळा करायचा. इथे जिवंत दात्याचा मोठा फायदा आहे. मृत दात्याला परत बोलावता येत नाही. खुबा बदललेला माणूस सहा महिन्यांनी टाके, चाल, एक्स-रे दाखवायला येतच असतो, त्याच वेळी दहा मिलिलिटर रक्त घ्यायचं. वरून २५ किलोग्रे इतक्या मात्रेचे गॅमा किरण दिले की जंतूंचा प्रश्न आणखी आटोक्यात येतो. किरणांनी हाडाची ताकद थोडी कमी होते खरी, पण ते सलग खांब म्हणून उभं करायचं असेल तर त्याची चिंता. तुकडे करून ठासायचं तर त्याने फारसं बिघडत नाही.

म्हणूनच मला धोका पेढी असण्यात दिसत नाही, नसण्यात दिसतो. गरज आहे आणि पेढी नाही, अशा ठिकाणी लोक जुगाड करतात. काही ठिकाणी थिएटरशेजारच्या साध्या फ्रीजमध्ये डबीत गोळे ठेवलेले मी पाहिले आहेत, डबीवर पेनने लिहिलेलं नाव आणि तारीख, एवढंच. वीज गेली तर तापमान किती झालं याची नोंद नाही. दात्याच्या दुसऱ्या चाचणीची नोंद नाही. ज्या डॉक्टरांनी ते ठेवलं त्यांचा हेतू रुग्णाचं भलं करण्याचाच होता, पण हेतूने जंतू मरत नाहीत.

आणि हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण मुंबईत ते झालेलं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी चालू आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने सुरू झालेली. डॉ. अ‍ॅस्ट्रिड लोबो गाजीवाला यांनी ती अनेक वर्षं सांभाळली आणि वाढवली. तिथे हाड वाळवून, पाकिटात बंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. ही किरणं द्यायला ट्रॉम्ब्यात आयसोमेड केंद्र १९७४ पासून आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली त्वचापेढी उभी राहिली आणि भाजलेल्या रुग्णांसाठी घरोघर मृत्यूनंतर त्वचादान करणारी माणसं तयार झाली. मृत्यूच्या दुःखात असलेल्या घराकडून त्वचा मागणं किती कठीण! ते मुंबईने करून दाखवलं. इथे तर मागायचं आहे ते असं हाड, जे ऑपरेशनमध्ये काढावंच लागणार आहे. अवयवदानाच्या प्रत्येक सभेत दधीचींची गोष्ट सांगतात. खुब्याच्या गोळ्याच्या दानात त्यागाचा भागच नाही, म्हणून ती गोष्ट इथे आणायचीही गरज नाही.

कायदाही आडवा येत नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश झाला, २०१४ चे नियम आले, ऊतीपेढीची नोंदणी कशी करायची हे त्यात आहे. दिल्लीत नोटो या राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या छत्राखाली राष्ट्रीय ऊतीकेंद्र आहे. महाराष्ट्रात अवयवांच्या वाटपासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समित्या आधीच काम करतात. त्याच चार ठिकाणी, तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, एकेक अस्थिपेढी असावी. नवीन इमारत नको. रक्तपेढी आहे तिथे चाचण्यांची व्यवस्था आहे, तंत्रज्ञ आहेत, तापमानाच्या नोंदी ठेवायची सवय आहे. त्यात उणे ऐंशीचे दोन फ्रीजर, एक जनरेटरची जोडणी, एक पूर्णवेळ तंत्रज्ञ आणि दात्यांशी बोलणारा एक समुपदेशक एवढी भर हवी. जिल्हा रुग्णालयं आणि खासगी दवाखाने गोळे पाठवतील, आणि ज्याला लागेल तो, सरकारी असो की खासगी, पेढीकडून मागवेल.

पैशाच्या बाबतीत माझी एकच अट आहे. दात्याने फुकट दिलेलं हाड कुणी नफ्यावर विकू नये. चाचण्या, साठवण, किरण यांचा जो खर्च येईल तेवढंच शुल्क, जाहीर केलेलं, सगळ्यांना सारखं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून रिव्हिजन होईल तिथे हे शुल्क पॅकेजमध्ये स्पष्ट धरलेलं असावं, म्हणजे रुग्णालयाला हाड न वापरण्यात बचत दिसणार नाही. आज बाजारात मिळणाऱ्या बाटलीबंद हाडाचा भाव ऐकून रुग्णाचा भाऊ गप्प बसतो आणि थोड्या वेळाने "मग सिमेंटवरच भागवा ना साहेब" म्हणतो. त्याला ही निवड करायला लावणं अन्याय आहे. हाड शेजारच्या थिएटरमधून जाळायला जात होतं.

गोळे पुरतील का, अशी शंका येते. झिजलेल्या खुब्याचे गोळे उत्तम, पण ते आपल्याकडे कमी. मानेपाशी मोडलेल्या हाडाचे गोळे मात्र भरपूर येतात. वयाने ते पोकळ झालेले असतात, एका खड्ड्याला दोनाच्या जागी तीन-चार लागतील, तरी ठासायला चालतात. गुडघे बदलताना कापून टाकलेल्या हाडाच्या चकत्याही काही देशांतल्या पेढ्या घेतात, आणि आपल्याकडे गुडघ्याची ऑपरेशनं खुब्यापेक्षा कितीतरी जास्त होतात. पुरवठ्याची अडचण आहे असं मला वाटत नाही. अडचण गोळा करण्याच्या इच्छेची आहे.

पेढीबरोबर आणखी एक गोष्ट आपोआप मिळेल, ती म्हणजे नोंद, आणि ती नसण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. त्यातून कोबाल्ट आणि क्रोमियम सुटून भोवतालचं मांस आणि हाड खराब होत होतं. तो सदोष असल्याचा इशारा ऑस्ट्रेलियातल्या सांधाबदलाच्या राष्ट्रीय नोंदवहीने आधीच दिला होता. ती नोंदवही १९९९ पासून आहे, स्वीडनमधली खुब्याची तर १९७९ पासून. भारतात हे खुबे सुमारे ४,७०० रुग्णांना बसवले गेले होते. केंद्राने नेमलेल्या समितीने शोध घेतला तेव्हा त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. कुणाच्या शरीरात काय बसवलं हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. आपल्याकडची नोंदवही खुबा-गुडघा शल्यविशारदांच्या संघटनेने २००६ साली सुरू केली, पण ती ऐच्छिक आहे. पेढीतून निघालेल्या प्रत्येक हाडाला क्रमांक असेल, तो कुणाकडून आला, कुणाला गेला, कोणत्या वाटीखाली ठासला हे लिहावंच लागेल. त्यासाठी रिव्हिजनची नोंद सक्तीची करावी लागेल, आणि एकदा रिव्हिजन नोंदवली की ती कोणत्या इम्प्लांटची होती हेही नोंदलं जाईल. पुढचा सदोष सांधा बाजारात आला तर तो आपल्याला परदेशातून कळायला नको.

राहिला दात्याचा प्रश्न. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आजींना किंवा त्यांच्या मुलाला मी विचारतो तेव्हा पहिला प्रश्न येतो, "त्यामुळे आईला काही जास्त दुखणार नाही ना?" नाही, कारण गोळा तसाही निघणारच आहे. दुसरा प्रश्न, "रक्ताच्या चाचणीत काही निघालं तर?" तर ते फक्त त्यांना आणि त्यांच्या डॉक्टरांना कळेल, आणि उपचार सुरू होतील. तिसरा प्रश्न सहसा नसतो. नकार देणारे क्वचित भेटतात, आणि जे देतात त्यांना कारण विचारायचा मला अधिकार नाही. अडतं ते पुढे. हो म्हटल्यावर तो गोळा पाठवायचा कुठे, याचं उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी आज कुणाकडे नसतं.

सध्याच्या बहुतेक संमतीपत्रांत एक वाक्य असतं, की शस्त्रक्रियेत काढलेल्या भागांची विल्हेवाट रुग्णालय लावेल. त्याखाली मराठीत, मोठ्या टायपात, एक ओळ वाढवावी: माझ्या खुब्यातून काढलेलं हाड तपासणीनंतर दुसऱ्या रुग्णासाठी अस्थिपेढीला देण्यास मी तयार आहे / तयार नाही. आणि यापैकी काहीही निवडलं तरी ऑपरेशनच्या तारखेत, उपचारात किंवा बिलात फरक पडणार नाही, हेही त्याच ओळीला जोडून छापलेलं असावं.